मुक्काम आधी, अंतर मग

इंदूरहून सायकलनं कुठं जावं असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "परत कधी यायचंय?" विचारणारा गोंधळतो. पण या शहराची जागाच अशी आहे की परतीचा विचार केल्याशिवाय निघण्यात अर्थ नाही. इंदूर माळव्याच्या पठारावर आहे, पण अगदी त्याच्या दक्षिण काठाशी. उत्तरेला उज्जैन, ५५ किलोमीटर, रस्ता जवळजवळ सपाट, सायकल शिकलेलं कुणीही जाऊन येईल. दक्षिणेला मात्र विंध्याची कड आहे आणि कडेखाली निमाड, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्याचा मुलूख. इंदूरची उंची समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर, तिथल्या महेश्वरच्या नदीघाटाची दीडशेच्या आसपास. जाताना हे चारशे मीटर फुकट मिळतात. येताना ते एकेक करून मोजून द्यावे लागतात, आणि तेही सामान लादलेल्या सायकलवरून.

म्हणून इथल्या सायकलच्या सहलीचं नियोजन शेवटच्या दिवसापासून मागं यायचं. हे मला शिकवलं आमच्या राजेंद्रनगरच्या गल्लीतल्या काकांनी. वीज मंडळातून निवृत्त, काळी बिनगिअरची सायकल, तिला रॉडचे ब्रेक, मागं भलामोठा कॅरिअर. माझ्याकडे चोवीस गिअरची आहे. आम्ही दोघं बरोबर निघालो की रस्त्यावरची माणसं आधी माझ्या सायकलकडे बघतात आणि मग बोलतात मात्र काकांशी.

काकांची नियोजनाची वही म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी. पत्रिका उभी धरायची, मधोमध पेन्सिलनं एक रेघ ओढायची. रेघेवर गावांची नावं नसतात. "चहा" असतं, "सावली" असतं, "हापसा" असतो, "हवा" म्हणजे पंक्चरवाला असतो, एके ठिकाणी नुसतंच "वड" असं लिहिलेलं असतं. सगळं मांडून झालं की मग दोन शब्दांच्या मधे किलोमीटर, तेही अंदाजानं. पहिल्यांदा ते बघून मी म्हटलं, "काका, एकूण किती होतात ते तरी वर लिहा." तर म्हणाले, "अगं, किलोमीटरच मोजायचे असतील तर ट्रक घे ना. सायकल कशाला?"

तेव्हा मला तो नुसता विनोद वाटला होता. आता मी स्वतः असंच करते. सामानासकट माझी सायकल सपाटीला तासाला पंधरा किलोमीटर जाते. महेश्वर, विंध्याच्या कडेवरच्या जाम दरवाज्याच्या रस्त्यानं, नव्वदच्या आसपास. पंधरानं भागलं की सहा तास, पोचलो. कागदावर सहल संपली! पण या सहा तासांत चहा नाही, पोहे नाहीत, ओढ्याकाठी बूट काढून बसणं नाही, कुणी हाक मारली तर थांबणं नाही. असे सहा तास चालवून जो पोचतो त्याच्याकडे सांगायला फक्त ते सहा तासच असतात. उलट आधी थांबे ठरवले की मधलं चालवणं आपोआप होतं. पाय शहाणे असतात, त्यांना पुढचा चहा कुठं आहे एवढं सांगितलं की पुरतं.

लांब पल्ल्याचा दुसराही एक पंथ आहे, तो मला ठाऊक आहे आणि त्याच्याबद्दल आदरही आहे. ब्रेव्हेवाले. दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, सहाशे चाळीस तासांत, वेळेत ठरलेल्या चौक्यांवर शिक्का नाही तर बाद. माझा मावसभाऊ त्यातला. त्याच्या सायकलच्या हँडलवर इतके आकडे चमकत असतात की त्यातून रस्ता कसा दिसतो कोण जाणे. तो मला हळू चालवते म्हणून चिडवतो. त्याला मी मुंबईच्या पारशी तरुणांचं उदाहरण देते. १९२३ साली सहा जण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले, त्यातले तिघं १९२८ मध्ये फेरी पुरी करून परत आले. एकाहत्तर हजार किलोमीटर. भागाकार करून बघा, दिवसाला सरासरी पंचेचाळीससुद्धा पडत नाहीत. वाळवंटं, जंगलं, आजारपणं, सगळं त्यात आलं हे खरं. पण थांबणंही त्यातच आलं.

आता ऋतू. पावसाळ्यात जामच्या कड्यावर ढग उतरतात, सगळं हिरवंगार होतं आणि अर्धं इंदूर रविवारी तिथं मोटारी घेऊन हजर असतं. भुट्टे, मॅगी, सेल्फी. त्या गर्दीत ओल्या वळणावर सायकल घालणं माझ्या जिवाला झेपत नाही. मार्गशीर्ष ते माघ हा आपला काळ. पहाटे माळव्यात बोटं गारठतात, हातमोजे लागतात, पण दुपारी खाली निमाडातही ऊन सोसवतं. फाल्गुन सरला की निमाडाचं नाव काढू नये. खरगोनचा पारा उन्हाळ्यात वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतो तो काही उगाच नाही. वाऱ्याचं गणितही आहे. हिवाळ्यात तो बहुधा उत्तर-ईशान्येकडून येतो, म्हणजे जाताना पाठीवर आणि येताना तोंडावर, वर परत चढ. देवासच्या बाजूला निघालं तर टेकड्यांवरच्या पवनचक्क्यांची तोंडं कुठं वळलीत ते पाहिलं की वारा कळतो, मोबाइल काढावा लागत नाही.

सामानाबद्दल लोक फार लिहितात. मी थोडक्यात आटपते. कपडे दोन जोड, अंगावरचा आणि बॅगेतला. तहानलाडू-भूकलाडू म्हणजे दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, मीठ-साखरेची पुडी. दशमी दुधात भिजवलेली असते म्हणून दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, आणि कुठल्याही महागड्या एनर्जी बारपेक्षा पोटाला बरी. वजन दोन्ही बाजूंना सारखं लादायचं, जड वस्तू तळाला. बस.

एका गोष्टीवर मात्र मी सविस्तर बोलणार आहे, कारण तिच्यापायी अडलेले नवशिके मी पाहिलेत. ट्यूबचा वॉल्व्ह. नव्या गिअरच्या सायकलींना पुष्कळदा बारीक, टोकाला छोटी चकती असलेला वॉल्व्ह असतो, त्याला प्रेस्टा म्हणतात. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडचा कॉम्प्रेसर असतो मोटारसायकल-ट्रकच्या वॉल्व्हचा. तो नळी लावून बघतो, हवा फुस्स करून बाहेर, मग तो तुमच्याकडे आणि तुम्ही त्याच्याकडे बघत बसता. पितळेची एक छोटी टोपी मिळते, ती प्रेस्टावर फिरवून बसवली की कुठल्याही पंपाची नळी बसते. किंमत किरकोळ. मी ती किल्ल्यांच्या जुडग्यात अडकवून ठेवते. निमाडात शिरलं की कडेच्या मातीत गोखरू आणि विलायती बाभळीचे काटे असतात, त्यामुळे डांबर सोडून सायकल खाली उतरवायचीच नाही. सावलीत थांबायचं तर उचलून न्यायची. टायरमध्ये काटा रुतलेला दिसला तर तो तिथंच उपटायचा मोह आवरावा आणि आधी पंक्चरवाला किती लांब आहे ते पाहावं. काटा कधी कधी बुचासारखा बसून हवा धरून ठेवतो.

आणि बायकांसाठी म्हणून एक : थांब्यांच्या यादीत पेट्रोलपंप लिहा. बरे पंप, वाईट पंप, कुलूप लावलेले पंप. हे काकांच्या पत्रिकेवर कधीच नसतं, माझ्या यादीत ते सगळ्यात आधी असतं. पाणी कमी प्यायचं म्हणजे प्रश्नच येणार नाही असा हिशेब पुष्कळ जणी करतात. चढावर तो हिशेब पायांत गोळे आणतो.

पहाटे राजेंद्रनगरहून निघालं की राऊ मागं पडेपर्यंत वाहनं असतात, मग महू. कागदोपत्री डॉ. आंबेडकर नगर. बाबासाहेबांचा जन्म इथलाच, १८९१ चा. छावणीतले रस्ते रुंद आहेत आणि जुनी झाडं अजून उभी आहेत. पोहे इंदुरात खाऊन निघू नये, महूत येऊन खावेत, हे माझं ठाम मत आहे. तासभर चालवून अंग तापलेलं असतं. वाफेवर धरलेले मऊ पोहे, वर शेव, कांदा, जिरावणाचा मसाला, बाजूला गरम जिलबी. सपाटीवरच्या शहाण्या लोकांना हे पथ्यात बसणारं वाटत नाही, पण पुढच्या दोन तासांत जिलबीची साखर कुठं गेली ते कळतही नाही.

महू सोडलं की रस्ता हळूहळू, न सांगता वर चढू लागतो. पश्चिमेला जानापावचा डोंगर, उंची सुमारे साडेआठशे मीटर. चंबळेचा उगम तिथला. त्या डोंगराच्या एका उतारावर पडलेलं पाणी चंबळेतून यमुनेला जाऊन मिळतं, दुसऱ्या उतारावरचं नर्मदेला. एक बंगालच्या उपसागराकडे, दुसरं अरबी समुद्राकडे. गाडीनं जाताना हे भूगोलाच्या पुस्तकातलं वाक्य आहे. सायकलवर मांड्यांना कळतं की आपण पाणलोटाच्या माथ्याकडे निघालोय. दोन्ही बाजूंना गहू, हरभरा, लसूण, बटाटे, आणि त्या काळ्या मातीत अधूनमधून विहिरीवरच्या मोटारीचा एकसुरी आवाज.

मग जाम दरवाजा. अहिल्याबाईंनी १७९१ साली बांधवलेला. दगडी, दुमजली, कुठल्याही किल्ल्याला न जोडलेला असा एकटा दरवाजा कड्यावर उभा आहे. अलीकडे माळवा, पलीकडे निमाड. राजधानी महेश्वरला आणि होळकरांचा बराचसा मुलूख वर पठारावर, तेव्हा या चढ-उताराचं महत्त्व बाईंना कुणी समजावून सांगायला नको होतं. देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधणाऱ्या या बाईला प्रवासातली खरी गरज पक्की ठाऊक असणार. माणूस चालतो स्वतःच्या पायांनी, पण टेकायला जागा दुसऱ्या कुणीतरी करून ठेवावी लागते. दरवाज्याच्या वरच्या मजल्यावर चढून दक्षिणेला बघितलं की खाली डोंगरांच्या घड्या आणि त्यांच्यामागं धुरकट सपाटी दिसते. काका तिथं हमखास दशमी काढतात. पत्रिकेवर त्या जागी "जाम" लिहिलेलं नसतं, "चटणी" लिहिलेलं असतं.

इथून उतार. नवख्यानं इथंच सावध व्हावं. ब्रेक धरून ठेवायचा नाही. दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा, मागचा-पुढचा दोन्ही मिळून. रबराचे ब्रेक एकसारखे रिमवर घासत ठेवले तर रिम इतकी तापते की आतल्या ट्यूबचं काही खरं नसतं. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. मी असं पद्धतशीर उतरते. काका काय करतात? पहिल्या तीव्र वळणाला उतरतात आणि सायकल हातात धरून चालू लागतात. रॉडच्या ब्रेकवर त्यांचा विश्वास नाही, आणि या वयात हाडांवरही नाही. परत येताना चढावरही ते चालतातच, गिअर नाहीत. म्हणजे हा घाट काका दोन्ही वेळा पायीच करतात. पूर्वी मी खाली जाऊन त्यांची वाट बघत बसायची. आता कित्येकदा मीही उतरते. चालताना सागाच्या वाळक्या पानांवरून वानरं धावली तर तो आवाज येतो, ब्रेकच्या किरकिरीत तो येत नाही. एका वळणावर हापसा आहे. तिथं बहुतेक वेळा कुणीतरी बाई हंडा भरत असते आणि तिचा प्रश्न ठरलेला, "साइकिल से? काय, गाड़ी नी है कंई?" काका सांगतात, "है, पर वो चढ़ती नहीं." ती हसते, हंडा बाजूला सारते आणि आम्ही बाटल्या भरतो.

खाली उतरलं की हवा अंगावर येते. काही किलोमीटरांत दोन स्वेटरांचा फरक पडतो. कापसाची शेतं लागतात, अंगणात लाल मिरच्या वाळत घातलेल्या असतात आणि त्यांचा खाट नाकात जातो. मंडलेश्वरला नर्मदा दिसते आणि मग नदीच्या अंगानं शेवटचे आठेक किलोमीटर.

या तुकड्यात समोरून परिक्रमावासी भेटतात. नर्मदा उजव्या हाताला ठेवून चालायचं हा त्यांचा नेम, म्हणून उत्तर तीरावर ते पूर्वेकडे, अमरकंटकाच्या दिशेनं चाललेले असतात आणि आम्ही पश्चिमेकडे, महेश्वराला. दरवेळी समोरासमोर गाठ. "नर्मदे हर!" म्हणायचं, "नर्मदे हर" ऐकायचं. त्यात महाराष्ट्रातली माणसं किती! खांद्याला झोळी, हातात काठी, आणि आमचं मराठी ऐकल्यावर चेहऱ्यावर जे काही होतं ते बघण्यासारखं असतं. मागच्या हिवाळ्यात एक आजी भेटल्या, मराठवाड्यातल्या, पायात टायरच्या तळाच्या चपला, उन्हानं रापलेला चेहरा. सायकलीवरचं सामान त्यांनी नीट न्याहाळलं, हँडलची घंटी एकदा वाजवून बघितली.

"कुठून आलात गं?"

"इंदूरहून, आजी."

"कधी निघाला होता?"

"आज पहाटे."

"अगं बाई," त्या हळहळल्या, "मग वाटेत काहीच बघितलं नसंल की तुम्ही!"

काकांना त्याचा इतका आनंद झाला की संध्याकाळपर्यंत पुरला. माझा मावसभाऊ मला कासव म्हणतो, आणि त्या आजींच्या लेखी मी भरधाव निघून गेलेली बाई होते. आजींचा मुक्काम ठरलेला नसतो. सूर्य कलला की जो आश्रम, जी धर्मशाळा लागेल तिथं. कुणी शिधा देतं, त्याला सदाव्रत म्हणतात, नाही तर शिजलेलं अन्न वाढतं. त्या काठानं चालणाऱ्यांना कुणीतरी खाऊ घालणार, हे तिथं पिढ्यान् पिढ्या ठरलेलं आहे. आम्हा सायकलवाल्यांना तेवढं निर्धास्त होता येत नाही. आम्ही फोन करून खोली ठेवतो, आंघोळीला गरम पाणी मिळेल का विचारतो.

महेश्वराबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांचं वाचावं. मी एवढंच सांगेन की नव्वद किलोमीटरांनंतर घाटाच्या खालच्या पायरीवर बसून गुडघ्यांपर्यंत पाय नर्मदेत सोडणं हा पिंडऱ्यांवरचा उत्तम इलाज आहे. तेलमालिश नंतर.

आता परत येण्याचं. तीन वाटा आहेत. एक, धामनोदला जाऊन बस. सायकल टपावर टाकायची, जुन्या ट्यूबनं बांधायची, चेनची बाजू वर ठेवायची, आणि "साइकिल का टिकट अलग लगेगा" या वाक्यावर पाच मिनिटं घासाघीस करायची. यात कमीपणा काही नाही. दुसरी, बडवाहवरून चोरल-सिमरोलचा खंडवा रस्ता. त्यावर ट्रक फार, भेरूघाटात तर मी सायकल घालत नाही. तिसरी, आलो तोच जामचा घाट. तो चढायचा असेल तर महेश्वरला झोपायचं नाही, आदल्या संध्याकाळीच मंडलेश्वरला यायचं. एवढ्या आठ किलोमीटरांनी पहाटेचा अर्धा तास वाचतो आणि ऊन अंगावर यायच्या आत घाटाचा पायथा येतो. पुढची लहान चकती, मागची मोठी, तोंड बंद ठेवून श्वास घेता येईल इतकाच वेग. तोंड उघडलं की उतरायचं आणि चालायचं. दर शंभर मीटर उंचीला वीस मिनिटं वेगळी धरायची हा माझा आडाखा. तो आजवर मला पुरलाय.

मांडूचं उलटं आहे. इंदूरहून शंभराला थोडे कमी, आणि दऱ्यांच्या कडेनं येणारा शेवटचा चढ नेमका दिवसाच्या शेवटी, दमलेल्या पायांना. म्हणून मांडूला एका दमात जाऊ नये. धारला मुक्काम करावा. तिथं आत्या असल्यास उत्तम, आमची आहे. दुसऱ्या दिवशी पस्तीसेक किलोमीटर उरतात आणि सकाळच्या उन्हात गोरखचिंचेची ती फुगीर बुंध्यांची झाडं बघत, त्यांची आंबट फळं विकणाऱ्या पोरांशी भाव करत मांडूत शिरता येतं. मुक्कामाची एक जागा बदलली की तोच रस्ता किती वेगळा होतो याचं मांडूइतकं चांगलं उदाहरण माझ्याकडे नाही.

यंदाच्या मार्गशीर्षात पुन्हा महेश्वर ठरतंय, पण या वेळी काकूंनाही यायचंय. काकू सायकल चालवत नाहीत आणि शिकायचा त्यांचा विचारही नाही. त्या बसनं धामनोदमार्गे येणार आणि आमच्या कितीतरी आधी पोचणार. मग एवढा वेळ त्या एकट्या काय करणार, या विचारानं काकांची पत्रिका चारदा खोडली गेली. महूचा चहा उडाला, जामची चटणीही उडण्याच्या बेतात होती. शेवटी काकूच म्हणाल्या, "तुम्ही या सावकाश. मी साड्यांच्या दुकानात बसते." काकांनी थोडा वेळ पेन्सिल कानावर ठेवली. मग रेघेच्या अगदी टोकाला "माहेश्वरी" असं लिहिलं आणि त्याच्यापुढे, त्या पत्रिकेवर पहिल्यांदाच, एक नक्की आकडा टाकला. काकूंनी तो वाचला आणि पेन्सिल मागून घेतली.